सांगोल्यात चार दिवस आणि १९२ मतं

ही ट्रिप ठरली घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या वादावादीतून. २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल, सगळ्यांकडे टीव्ही चालू, आणि माझ्या एका चुलतदिराने ग्रुपवर टाकलं की सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आलाय म्हणे, हा पक्ष अजून आहे का? त्यावर हसण्याचे दहाबारा इमोजी पडले. आणि मग आमचे सासरे, जे ग्रुपवर फक्त शुभ सकाळ आणि विठ्ठलाचे फोटो टाकतात, त्यांनी एका बोटाने टाइप करून पाठवलं, "१९९५ ला १९२ मतांनी पडले होते. मी होतो तिथे ड्युटीला." बास, पुढे काही नाही, ग्रुप गप्प. पडले म्हणजे शेकापचे गणपतराव देशमुख, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार.

बाबा, म्हणजे हेच सासरे, मंगळवेढा तालुक्यात झेडपी शाळेवर गुरुजी होते, रिटायर झाल्यावर आमच्याकडे पुण्याला आले. इलेक्शन ड्युटीचे किस्से सगळ्या गुरुजींकडे असतात पण बाबांनी हा कधी सांगितला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "एकदा जाऊन यायचंय तिथं. बघू." बघू म्हणजे आमच्या घरात हो असतं.

दिवस पहिला, शनिवार

१५ फेब्रुवारी. लेकीची दहावी २१ तारखेला सुरू होणार आणि आई निघाली फिरायला, असं सोसायटीत बोलणं झालंच असणार, पण तीच म्हणाली आई तू जा, तू समोर असलीस की मला जास्त टेन्शन येतं. मग नवरा घरी, आणि मी आणि बाबा आमच्या जुन्या वॅगनआरमधून. मागच्या सीटवर बाबांची कापडी पिशवी, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि माझ्याकडे फोनमध्ये सांगोल्याच्या १९६२ पासूनच्या निकालांची एक्सेल शीट, जी मी आदल्या रात्री जागून केली होती. बाबा म्हणाले हे कशाला, मला पाठ आहे. आणि होतंच त्यांना पाठ, मी एकेक वर्ष विचारत गेले आणि ते गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत सांगत गेले.

१९६२, गणपतराव देशमुख. १९६७, गणपतराव. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील, ते वारले म्हणून १९७४ ला पोटनिवडणूक, परत गणपतराव. मग १९७८, ८०, ८५, ९० सलग. १९९५ ला शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून. मग १९९९, २००४, २००९, २०१४ परत गणपतराव. म्हणजे १३ वेळा उभे, ११ वेळा निवडून, दोनदा पराभव. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष, मतदारसंघ एकच. आता आपल्याकडे नेते पाच वर्षात तीन पक्ष फिरून येतात त्यामुळे हे वाचताना मला आधी एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट चुकलंय असंच वाटलं होतं.

हायवेने इंदापूर, तिथून उजवीकडे अकलूज रोड. सराटीला नीरा ओलांडली की उसाच्या ट्रॉल्या सुरू, एकेका ट्रॅक्टरला दोन दोन, ओव्हरटेक करायचा म्हणजे देवाचं नाव घ्यायचं. वेळापूरला दहा मिनिटं अर्धनारीनटेश्वराच्या देवळात थांबलो, काळा दगड, आत गार, बाबांनी गुडघ्यांना विश्रांती दिली. इथपर्यंत सगळं हिरवं. नंतर महूदकडे जाताना मात्र तुम्ही डोळे मिटून उघडलेत तरी कळेल की तालुका बदलला, ऊस विरळ होतो, माळ सुरू होतो, बाभळी, मधेच डाळिंबाच्या बागेचा एक चौकोन, परत माळ. हा माणदेशाचा कडेचा भाग. बाबा म्हणाले, "आला बघ २५३." मला वाटलं किलोमीटरचा दगड. तर मतदारसंघाचा नंबर! राज्याच्या २८८ मधला २५३. आणि गंमत म्हणजे गावातल्या प्रत्येक बोर्डवर सांगोला, पण आयोगाच्या यादीत सांगोले. बाबांना हे गुरुजी म्हणून अजून खुपतं.

लॉजचं नाव लिहीत नाही. गीझर आहे असं सांगितलं होतं, आणि गीझर होताच, भिंतीवर, फक्त त्याला वायर नव्हती. सकाळी एक मुलगा बादलीभर कढत पाणी आणून द्यायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा मिस्तरी उद्या येणारे.

संध्याकाळी स्टँडजवळ चहा प्यायला गेलो. चहावाल्याला मी सहज म्हटलं, आम्ही इथलं इलेक्शन बघायला आलोय. तो म्हणाला, "झालं की ते, उशीर केला ताई तुम्ही." मग बाबांनी १९२ चा विषय काढला आणि बाकावर बसलेले तीन म्हातारे एकदम वळले. एकाचं म्हणणं, ती मतं ऊसतोडीला गेली, माणसं कारखान्यावर होती. दुसरा म्हणाला, न्हाय न्हाय, आमच्या भावकीत लग्न होतं, तीस मतं तर तिकडंच जेवायला. तिसरा नुसता मान हलवत राहिला, आणि उठताना म्हणाला, "आबासाहेब पडत न्हायती असं सगळ्यास्नी वाटलं, म्हणून पडले." आबासाहेब म्हणजे गणपतराव. ३० वर्षं झाली आणि १९२ मतांचा हिशोब अजून लागत नाहीये, मला हे इतकं आवडलं की मी चहा दोनदा घेतला.

रात्री बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि खानावळवाल्या मावशींनी वर वाडगाभर हुरडा दिला, सीझनचा शेवटचा म्हणाल्या. बाबांनी चव घेतली आणि म्हणाले मंगळवेढ्याच्या ज्वारीची सर नाही. पण वाडगा रिकामा झाला.

दिवस दुसरा, रविवार

रविवारी सांगोल्यात दुसरं काही बघायचंच नसतं, जनावरांचा बाजार. लवकर गेलो तरी आधीच धुरळा उडत होता. टेम्पोतून गाई उतरवताना जो आरडाओरडा चालतो तो ऐकून मला वाटलं भांडण पेटलं, तर नाही, ते नॉर्मल बोलणं होतं. खिल्लार बैल मी फोटोत पाहिले होते पण समोर बघणं वेगळंच, पांढरे, उंच, कातडी अशी ताणलेली की माशी बसली की सबंध अंगावर लहर जाते, शिंगं मागे जाऊन वर वळलेली आणि शिंगांना तेल. एका खोंडाचा मालक त्याच्या मानेवरून हात फिरवत उभा होता आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटत होता, गिऱ्हाईक विचारलं की थांबायचा, गिऱ्हाईक गेलं की परत सुरू. विकायला आणलेल्या जनावराशी काय बोलत असेल कुणास ठाऊक.

सौदा अजून काही जण उपरण्याखाली करतात. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून आकडा सांगायचा, आजूबाजूला पन्नास माणसं पण भाव दोघांनाच माहीत. बाबा बराच वेळ ते बघत उभे होते, मला म्हणाले, "आमच्या वेळी कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा असायचा मतदानाला, तेवढंच." मग त्यांनी पहिल्यांदा १९९५ बद्दल नीट सांगितलं, तिथेच, एका टेम्पोच्या सावलीत बसून.

तेव्हा मशीन नव्हतं. मतपत्रिका, लाख, सील, मतपेटी, शाईची बाटली, सगळं आदल्या दिवशी तालुक्यातून मोजून घ्यायचं, ट्रकमधून गावात जायचं, शाळेतच झोपायचं. मतदाराला बाणांच्या फुलीचा रबरी शिक्का द्यायचा आणि सांगायचं, आधी उभी घडी घाला मग आडवी. कारण उलटं केलं तर ओली शाई दुसऱ्या उमेदवारासमोर उमटायची. तरी लोक आपल्याला हवी तशी घडी घालायचे, कुणी शिक्का दोघांना मारायचं, म्हणजे एक आबासाहेबांना मान म्हणून आणि एक ज्याला द्यायचं त्याला, कुणी शिक्क्याऐवजी अंगठा. ती सगळी मतं बाद. बाबा म्हणाले, "१९२ म्हणतात लोक. बाद मतं त्याच्या कितीतरी वर असणार. ती कुणाची होती ते कुणी धरतच नाही." मी विचारलं, म्हणून तुम्हाला परत यायचं होतं का? म्हणाले, "नाही. ते वेगळं." आणि उठून उसाचा रस प्यायला गेले. बाबांकडून गोष्ट काढणं म्हणजे सुईने काटा काढण्यासारखं, घाई केली की आत जाते.

बाजारात आबासाहेबांबद्दल विचाराल तर प्रत्येकाकडे एक किस्सा, आणि त्यातले निम्मे एसटीचे. एसटीत ती विधानसभा सदस्यांसाठी राखीव सीट असते ना, वर पाटी लिहिलेली, आपण आयुष्यात तिच्यावर आमदार बसलेला बघितलेला नसतो. इथले लोक सांगतात की आम्ही बघितलाय. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, वकिली करायला सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. दोनदा मंत्री होते, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ ला विलासरावांच्या. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले, वय नव्वदीच्या पुढे. त्यांच्या पुतळ्याचं अनावरण ऑगस्ट २०२३ मध्ये झालं तेव्हा शरद पवार आणि फडणवीस एका स्टेजवर होते, म्हणजे गेल्यावर सगळ्यांचे झाले. शेकापवाले त्यांना भाई म्हणतात, गाव आबासाहेब म्हणतं. इथे एक लक्षात ठेवायचं, नुसतं आबा म्हणून चालत नाही, दीपकआबा साळुंखे वेगळे, तेही इथलेच नेते. मी दोनदा घोळ घातला आणि दोन्ही वेळा माझी शाळा घेतली गेली.

दुपारी ऊन फार, लॉजवर पंख्याखाली. चार वाजता रेल्वे स्टेशनवर गेलो, मला बघायचं होतं. मिरज-कुर्डुवाडी लाईन, पूर्वीची बार्शी लाईट, छोटी गाडी, बाबांनी तरुणपणी तिच्यातून पंढरपूर केलेलं. आता ब्रॉडगेज. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल इथूनच सुटली, बंगालमधल्या शालिमारला, डाळिंबं द्राक्षं केळी ढोबळी मिरची घेऊन, पंतप्रधानांनी व्हिडिओवरून झेंडा दाखवला. आम्ही गेलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर एक कुत्रं, एक कॉलेजचं जोडपं, आणि आम्ही दोघं. जोडपं आम्हाला बघून उठून गेलं, वाईट वाटलं.

दिवस तिसरा, सोमवार

सकाळी एका डाळिंबाच्या बागेत. ओळख अशी की बाबांचा एक जुना विद्यार्थी, आता पन्नाशीचा, त्याची सासुरवाडी इकडे, त्याच्या मेहुण्याने बोलावलं. मेहुणे बोलघेवडे, आणि घरी गेल्या गेल्या वहिनींनी आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, मग चहा, मग पोहे, नको म्हणायची सोयच नाही.

बाग म्हणजे उरलेली बाग. आधी सहा एकर भगवा, म्हणजे डाळिंबाची एक जात, होता, आता दीड. आधी तेल्या आला, फळावर तेलकट काळे डाग पडतात आणि फळ तडकतं, मग दोन वर्षं पाऊस नको तेवढा पडला, मग मर आणि खोडाला भोकं पाडणारी कीड. मेहुण्यांनी एक वाळलेलं खोड अजून बांधावर ठेवलंय, मला हातात दिलं, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीला टाचणीने टोचल्यासारखी भोकं, झटकलं की आतून भुसा पडतो. २०२१-२२ ला जेसीबी लावून झाडं उपटली म्हणाले. "बघायला मी थांबलो नाही, मिरजेला गेलो दोन दिवस." एवढंच बोलले आणि परत हसत पोह्यांचा आग्रह सुरू.

आणि मग पाणी. मी राजकारण विचारायचे आणि ते पाणी सांगायचे, तासाभराने मला कळलं की ते माझ्या प्रश्नाचंच उत्तर देतायत. या तालुक्याला पाणी एका बाजूने येत नाही. एकीकडे टेंभू, दुसरीकडे म्हैसाळ, दोन्ही कृष्णेचं पाणी पंपाने उचलून आणलेलं, आणि वरच्या अंगाने नीरा उजव्या कालव्याचं. आणि तिन्हीच्या बाबतीत सांगोला शेपटाला. वरच्यांचं भागलं की मग आपल्याला. त्यामुळे प्रत्येक पट्ट्याचं पाणी वेगळं, आणि प्रत्येक पट्ट्यात "पाणी कुणी आणलं" याचं उत्तर वेगळं. एका गावात म्हणतील आबासाहेबांनी पाणी परिषदा घेतल्या म्हणून, पाच किलोमीटरवर म्हणतील शहाजीबापूंच्या काळात कामाला गती आली. दोन्हीकडे माणसं खोटं बोलत नसतात, आपल्या पाटात पाणी कधी आलं ते सांगत असतात.

मी एक्सेल काढली. २०१४, गणपतराव ९४,३७४, शहाजीबापू (तेव्हा शिवसेनेत) ६९,१५०, फरक २५,२२४. वय ऐंशीच्या वर आणि मोदी लाट जोरात, तरी. २०१९ ला वयामुळे थांबले, नातू डॉ. अनिकेत उभे राहिले, आणि शहाजीबापू ९९,४६४, अनिकेत ९८,६९६. फरक ७६८! जवळपास दोन लाख मतांत ७६८. मेहुणे म्हणाले, तेव्हा दीपकआबा बापूंच्या बाजूला होते हे लिहा. लिहिलं. मग २०२४ ला दीपकआबा स्वतः उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडून उभे, तिरंगी झाली, त्यांना ५० हजारांच्या वर मतं. बापू शिंदेंच्या शिवसेनेकडून ९०,८७०, आणि दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख १,१६,२५६. फरक २५,३८६. आजोबांच्या शेवटच्या विजयापेक्षा १६२ मतांनी जास्त. मी ही गोष्ट शोधून काढली म्हणून फार खुशीत होते पण मेहुणे म्हणाले हो, इथे सगळ्यांना माहितीये. गेला माझा शोध.

पण एक गोष्ट माझी मला दिसली, ती कुणी सांगितली नाही. १९९५ ला राज्यात काँग्रेसची सत्ता गेली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले, आणि नेमकं त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेसला निवडून दिलं. २०२४ ला महायुतीची लाट, समोरच्यांची पार धूळधाण, आणि इथे शेकाप, तोही राज्यात त्या पक्षाचा एकुलता एक आमदार. २०१९ ला त्या पक्षाला एक जागा मिळाली तर ती लोह्यात, नांदेड जिल्ह्यात, आणि सांगोला गेलं. म्हणजे टीव्हीवरचे लोक हवा, लाट, वारं म्हणतात ना, ते वारं या माळावर येईपर्यंत बहुतेक त्याची दिशा बदलते. मेहुण्यांचा कॉलेजातला मुलगा तेवढ्यात आला. त्याला मी 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' बद्दल छेडलं, २०२२ च्या जूनमध्ये गुवाहाटीहून बापूंचा तो फोन अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला. मला वाटलं वैतागेल. म्हणाला, "काकी, आमच्यात बाभळ सोडून काय दिसतंय का तुम्हाला? मग त्या माणसाला झाडी बघून भारी वाटणारच की." आणि हा मुलगा शेकापचा कार्यकर्ता बरं का.

दुपारी तीनला बाबा म्हणाले, आता जाऊ.

वाडीचं नाव लिहू नको असं बाबांनी सांगितलंय. मेन रोडपासून आत, कच्चा रस्ता, वॅगनआरची खालची बाजू दोनदा घासली. शाळा सापडली पण बाबांना पटेना, कारण तेव्हा पत्र्याच्या दोन खोल्या होत्या आणि आता स्लॅब, भिंतीवर रंगीत रेल्वे काढलेली, पाढे, आणि 'डिजिटल शाळा'. लिंबाचं झाड मात्र होतं. झाडाखाली उभे राहून बाबांनी हात लांब करून मला दाखवलं, रांग इथपासून तिथपर्यंत होती.

गोष्ट एवढीच. मतदानाची वेळ संपली की केंद्राध्यक्षाने रांगेत उभ्या असलेल्यांना सहीच्या चिठ्ठ्या द्यायच्या, आणि त्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे यायच्या, म्हणजे मागून नवीन कोणी घुसू शकत नाही. बाबांनी तसंच केलं. चिठ्ठ्या वाटून ते दारापाशी येतात तोच ट्रॅक्टरची ट्रॉली आली, बायकांनी भरलेली, कुठल्या तरी लांबच्या रानातून खुरपणीवरून थेट आलेल्या, खुरपी हातात. १७ बाया. बाबांनी मोजल्या, ते सगळं मोजतात. घड्याळात वेळ होऊन आठ मिनिटं झाली होती. दोन्ही पक्षांचे पोलिंग एजंट आत बसलेले, आणि आश्चर्य म्हणजे दोघंही म्हणाले घ्या गुरुजी, आमची हरकत नाही. बाबांनी नाही म्हटलं. नियम होता. बाया काही भांडल्या नाहीत, एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बरं बाबा," आणि ट्रॉली वळली.

मग काही दिवसांनी निकाल, १९२.

"१७ म्हणजे काही १९२ नव्हे," बाबा म्हणाले. "मला कळतं ते. पण असे आठ मिनिटं नियम पाळणारे गुरुजी तालुक्यात किती असतील, असं मनात येतं. बारा जण असले तर झालं." मी पटकन गुणाकार केला, १७ गुणिले १२, २०४. म्हणजे त्यांनी हा हिशोब करून ठेवला होता, कधीचा. मला काय बोलावं सुचेना. नियम बरोबर होता असं म्हणणार होते, पण त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शाळेसमोरच्या घराच्या ओट्यावर एक आजी तूर निवडत बसल्या होत्या, आमचं एवढा वेळ लिंबाखाली काय चाललंय म्हणून बघत. कुणाकडं आलाय, विचारलं. बाबा गेले आणि सांगितलं, सगळं, चिठ्ठ्या, ट्रॉली, खुरपी. आजींनी सूप खाली ठेवलं नाही. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आसंल की. आमची सासू आसंल त्यात, तिला उशीर करायची खोडच हुती." मग सूप पाखडत, "पर ती कुणाला देणार हुती, तुमाला काय ठाव? घरात इचारलं तर मला पन कंदी सांगितलं न्हाई तिनं."

बाबा बघत राहिले. मग इतकं हसले की मला भीती वाटली, ठसका लागला, आजींनी पाणी आणायला नातीला हाक मारली. पाणी पिऊन बाबांनी विचारलं, आणि तुम्ही? आजी म्हणाल्या, "मी बी न्हाई सांगत."

निघताना तूर दिली, पावशेरभर, पुडीत बांधून. घेतलीच पाहिजे म्हणाल्या.

दिवस चौथा, मंगळवार

गीझरचा मिस्तरी आला नाही. सकाळी निघालो, जाताना पंढरपूर करायचं होतं, सरळ रस्ता आहे पण बाबांनी वाट वाकडी करून भाळवणीकडून घ्यायला लावली, कारण भाळवणीचं महसूल मंडळ पंढरपूर तालुक्यात असूनही विधानसभेला सांगोल्यात येतं आणि त्यांना मतदारसंघ पुरा करायचा होता. म्हणजे कोर्ट-कचेरी पंढरपुरात, आमदार सांगोल्याचा, खासदार माढ्याचा. माढा लोकसभेचंही एक वेगळंच प्रकरण आहे, २००९ ला स्वतः शरद पवार, मग विजयसिंह मोहिते-पाटील, मग रणजितसिंह नाईक-निंबाळकर, २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटील, दर वेळी नवा माणूस. विधानसभेला एकच माणूस ५० वर्षं आणि लोकसभेला एकही टिकत नाही, लोक तर तेच. याचं कारण मी बाबांना विचारलं, ते झोपले होते.

पंढरपुरात मुखदर्शन घेतलं, पदस्पर्शाची रांग बघूनच पाय दुखायला लागले. कुंकू, बुक्का, चुरमुरे. नदीला पाणी बऱ्यापैकी. दुपारी टेंभुर्णीवरून हायवेला लागलो आणि संध्याकाळी सातला घरी, लेक पुस्तक उघडं ठेवून फोनमध्ये, नवरा सोफ्यावर झोपलेला.

रात्री त्याच चुलतदिराने ग्रुपवर विचारलं, काका कशी झाली ट्रिप, सापडली का ती १९२ मतं? बाबा बराच वेळ एका बोटाने टाइप करत बसले, पुसत होते, परत टाइप करत होते, मी किचनमधून बघत होते. शेवटी फोन वाजला. मेसेज होता, "हुरडा चांगला होता."